शेजारची सीट

दादाने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि ती नव्याने बांधायचा आराखडा गॅरेजच्या फरशीवर खडूने काढला. गाडीएवढाच मोठा. वहिनी बराच वेळ वाकून बघत राहिली.

"अहो, माझी सीट कुठाय?"

"काढली. वजन कमी झालं की गाडी पळते."

"आणि कोकणात दोघांनी जायचं म्हणाला होतात ते?"

"तू एस्टीने ये. मी पुढे पोचतो."

माझं डोकंच फिरलं. वेग वाढवायचा म्हटलं की आधी माणूस उतरवायचा, ही कुठली रीत? गावातून मोठा रस्ता जातो तेव्हाही हेच होतं, आधी घरं उठवतात. कुणी उतरायचं ते ठरवणारा स्वतः कधीच उतरत नाही. दादाच्या सुटलेल्या पोटाबद्दल आराखड्यात अवाक्षर नव्हतं! मी तसं बोललोही.

"झालं याचं भाषण सुरू," दादा म्हणाला.

वहिनी मात्र आराखड्यातल्या स्टेअरिंगशेजारच्या मोकळ्या चौकोनात मांडी घालून बसली.

"अगं ऊठ, रेघा पुसतील!"

"पुसू देत," म्हणत ती आणखी ऐसपैस सरकली.