दगडूला आग्रह कोण करील?

अस्वलाला अस्वलपण शिकवण्याची नोकरी मी आयुष्यात पंधरा दिवस केली. विद्यार्थी पास झाला, मास्तर नापास झाला.

तसा मी खराखुरा मास्तर. रावेरच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवायचो. (सृष्टी म्हणजे फळ्यावरची. मी काढलेल्या हत्तीला पोरं निबर वांगं म्हणायची.) घर तिथून दोन मैलांवर, केळीच्या मळ्यातच. घरात आबा, माय, मी आणि तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी धुळ्याकडून लग्न होऊन आलेली आमची ही. म्हणजे माय बोले तिच्या बोलीत, ही बोले अहिराणीत, मी पुस्तकी मराठीत, आणि आबा कोणत्याच भाषेत बोलत नसत.

एका सकाळी जंगलखात्याचा नाकेदार सातपुड्यातून उतरला तो थेट आमच्या ओट्यावर. त्याच्या घोंगडीत काहीतरी चुळबुळत होतं. कुण्या शिकाऱ्यानं अस्वलीण मारली होती, आणि तिच्या पाठीवरचं पिल्लू तेवढं वाचलं होतं. डोळे नुकतेच उघडलेले. थरथरत होतं बिचारं.

"मास्तर, दोन दिवस सांभाळा," नाकेदार म्हणाला. "मग बघू काय करायचं ते."

मी म्हणालो, "अहो, हे हिंस्र श्वापद आहे!"

तोवर मायनं त्या श्वापदाला पदराखाली घेऊन शेळीच्या दुधाचा बोळा तोंडात दिलासुद्धा. "माय वं! हाडकं लागू रायली लेकराची," ती म्हणाली. "ह्याचं नाव दगडू."

आता दगडू का, ते सांगितलं पाहिजे. माझ्याआधीची माझ्या मायची दोन लेकरं गेली. तिसरा मी झालो, तेव्हा कुणाची नजर लागू नये म्हणून तिनं माझं नाव धोंडू ठेवलं. जे लेकरू जगावं असं फार फार वाटतं, त्याला आमच्याकडे दगडधोंड्याचं नाव देतात. दगडू म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, की हे दोन दिवसांचं काम नाही.

आबा एवढंच बोलले, "दगड दोन झाले."

दगडू जगला. जगला कसला, फोफावला! केळी सोलून खायला शिकला. साल घरात टाकली की माय कान पिळायची, म्हणून साल दाराबाहेर टाकायला शिकला. (हे मला अजून जमलेलं नाही.) नजर लागू नये म्हणून माय त्याला तीट लावी. काळ्या अस्वलाला काजळाची तीट दिसणार कशी? म्हणून चुन्याची लावी! जेवायला पंगतीत त्याचा पाट माझ्या शेजारी. कळण्याची भाकरी, वर तिळाचं तेल. भरीत असलं तर भरीत. तिखटानं नाकातून पाणी गळायचं, पण पठ्ठ्या उठायचा नाही.

इथंच आमची चूक झाली. आमच्या खान्देशात पाहुण्याला वाढून कुणी मोकळं होत नाही. आग्रह करावा लागतो. आणि पाहुण्यानंही पहिल्या आग्रहाला हात लावायचा नसतो, नाहीतर लोक म्हणतात, हावरट आहे. माय दगडूपुढे ताट ठेवी आणि म्हणे, "घे रे भो, लाजू नको." दगडू मान फिरवी. "घे ना रे, इतकंसं तं हाये." दगडू छताकडे बघे. "माह्यी आन हाये तुले!" की लगेच ताट साफ! तीन वेळा म्हटल्याशिवाय तो कशालाही तोंड लावीना. एकदा आम्ही सगळे लग्नाला गेलो, आबा एकटे घरी. आबा कसले बोलतात! संध्याकाळी येऊन बघतो तर ताट भरलेलं, आणि त्याच्या दोन बाजूंना आबा आणि दगडू उपाशी, एकमेकांकडे बघत बसलेले.

असं वर्ष गेलं. दगडू माझ्या कमरेएवढा झाला. वखारीत पिकायला ठेवलेल्या केळीच्या घडांना मिठ्या मारू लागला. मग एक दिवस त्यानं नाकेदारालाच प्रेमानं मिठी मारली. नाकेदाराचा सदरा तीन ठिकाणी प्रेमानं फाटला.

"बस्स, मास्तर," नाकेदार म्हणाला. "आखाजीपर्यंत मुदत. अक्षय्य तृतीया सरली की संपलं. एक दरवेशी मागं लागलाय माझ्या. त्याला देऊन टाकतो."

दरवेशी म्हणजे काय, ते रावेरच्या बाजारात सगळ्यांनी पाहिलं होतं. नाकात वेसण, गळ्यात दोर आणि काठीच्या तालावर नाच. माय चुलीशी बसून राहिली. त्या दिवशी तिनं भाकरी करपवली, जी तिनं तोवर कधी करपवली नव्हती. दगडूनं तीही खाल्ली. तीन आग्रहांनंतर.

तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी मुंबईच्या प्राण्यांच्या बागेला इंग्रजीत पत्र लिहितो!"

मायला बाग म्हणजे केळीचीच माहीत. मी तिला समजावलं. तिथं जनावरं मारत नाहीत, नाचवत नाहीत, राखतात. लोक येऊन बघतात, अस्वल कसं राहतं, काय खातं ते शिकतात. आणि ज्यानं एकदा शांतपणे अस्वल बघितलं, त्याचा हात पुढं बंदुकीकडे सहजी जात नाही. बोलता बोलता माझंच मन भरून आलं. (वर्गात हे कधी व्हायचं नाही.)

माय म्हणाली, "सम्दं खरं. पन तथी त्याले आग्रह कोन करीन?"

मी दौत-टाक घेऊन पत्र लिहायला बसलो.

बागेचं उत्तर आलं. त्यांच्याकडे एक मादी होती, तिला जोडीदार हवा होता. पण अट अशी, की अस्वल माणसाळून बिघडलेलं नको. पाळीव अस्वल दुसऱ्या अस्वलाला ओळखत नाही, झुरून मरतं. पंधरा दिवसांनी बागेचे डॉक्टर येऊन तपासतील. अस्वल आपलं अन्न आपण शोधून खातं असं दिसलं, तर नेतील.

म्हणजे पंधरा दिवसांत दगडूचं अस्वल करायचं! नाहीतर वेसण.

मी पुस्तक उघडलं. अस्वलाचं मुख्य अन्न वाळवी. ते वारूळ नखांनी फोडतं, फूं फूं करून माती उडवतं आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घेतं. बांधावर वारूळ होतंच, पण मायनं हात धरला. "नागोबाचं घर हाये ते!" मग तिनं वारुळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, नागोबाची माफी मागितली, तेव्हा कुठे वर्ग भरला.

दगडू वारुळासमोर मांडी घालून बसला आणि ताट कधी येतं त्याची वाट बघू लागला.

आता शिकवायचं म्हणजे करून दाखवावं लागतं. मी इकडंतिकडं बघितलं, धोतर खोचलं, चारी पायांवर आलो, नखांनी माती उकरली आणि फूं फूं केलं. दगडूला फार आवडलं. त्यानं माझी पाठ थोपटली. मी ओठांची नळी करून वारुळाला लावली. वाळवीनं माझ्या ओठाचा असा काही कडकडून चावा घेतला, की मी अस्वलापेक्षा मोठ्यानं ओरडलो!

मान वर करतो तो समोर आमची ही, डोक्यावर न्याहारीची पाटी.

"काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"शिकवतोय," मी सुजलेल्या ओठानं म्हणालो.

"मना बापनी माले सांगेल व्हतं, जवाई मास्तर शे," ती म्हणाली. "अस्वल शे, हाई नही सांगं त्यासनी!"

तिसऱ्या दिवसापासून शाळेची पोरं बांधावर येऊन बसू लागली. वर्षभर मी शिकवलं तेव्हा जी पेंगायची, ती आता वह्या घेऊन! "मास्तर, परत एकदा फूं करा ना!" माझ्या शिक्षकी जीवनातला हा सर्वांत गाजलेला धडा. फक्त ज्याला शिकायचं तो शिकत नव्हता. चौदाव्या दिवशीही दगडू माझ्याकडे कौतुकानं बघत केळ सोलत होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टर आले. उंच, शांत माणूस, हातात वही. मी शेवटची उजळणी घेत होतो, म्हणजे तोंड वारुळात होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, दगडूकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "यातलं न्यायचं कोणतं?"

"हाई लई जा," ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "दगडू घरमा कामले येस."

मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. कुणी हाक मारायची नाही, कुणी आग्रह करायचा नाही. आम्ही दूर झालो. दगडू वारुळाशी एकटा. त्यानं वारूळ हुंगलं. एकदम त्याचे कान ताठ झाले. नाक थरथरायला लागलं. माझ्या पंधरा दिवसांत एकदाही न दिसलेलं काहीतरी त्याच्या अंगात जागं झालं. पंजा उचलला... आणि थांबला. मागं वळून त्यानं मायकडे बघितलं.

माय पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. डॉक्टर थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दगडू उपाशी होता, सकाळपासून आम्ही त्याला काही दिलं नव्हतं. पण रीत म्हणजे रीत! शेवटी डॉक्टरांनी मान हलवली आणि वही मिटली.

"घे रे भो!" माय एकदम ओरडली. "लाजू नको! घे, माह्यी आन हाये तुले, जाय रे माह्या राजा, खाय!"

आणि दगडूनं वारूळ फोडलं! पहिल्याच पंज्याला अर्धं. मातीचा लोट, आणि आवाज तर असा, की बांधापलीकडचे बैल दावं तोडून पळाले. फूं काय, सूं काय! मी काढत होतो तो आवाज म्हणजे विझत्या चुलीवरची फुंकर. तो आमच्याकडे ढुंकूनही बघेना. पोरं टाळ्या वाजवायची विसरली.

माय डॉक्टरांच्या पायाशी बसली. "साहेब, चूक माह्यी हाये. त्याले नापास नका करू."

डॉक्टरांनी तिला हात धरून उठवलं. "आई, अस्वल त्याच्यात शाबूत आहे," ते म्हणाले. "तुम्हीच त्याच्यात जरा जास्त झालात. तो तुमच्याकडे नसतानाही खाईल, एवढं आम्ही बघू. पण मग तुम्ही त्याला भेटायला यायचं नाही. चालेल?"

मायनं दगडूकडे बघितलं. मग म्हणाली, "चालीन. नाकात वेसन नको."

रावेर स्टेशनवर पिंजरा गाडीत चढला, तेव्हा आबा कितीतरी महिन्यांनी एक सबंध वाक्य बोलले. "पोऱ्या नोकरीले गेला आसं समजायचं." आणि उपरण्यानं डोळे पुसले.

तीन वर्षांनी माझं मुंबईला काम निघालं. हीही बरोबर होती. निघताना माय म्हणाली, "मी नही येत. मी आली तं त्याले घेऊनच येईन. तू लांबून बघ. हाक नको मारू. खातो का, इतकंच सांग मले."

बागेत अस्वलांच्या आवाराभोवती ही गर्दी! दगड, झाडाचे ओंडके, पाण्याचं डबकं. कठड्यावरची पाटी एक म्हातारा अडखळत अडखळत नातवंडांना वाचून दाखवत होता, की अस्वल कुठं राहतं, काय खातं, त्याला का मारू नये. शेजारच्या आवारात मादी, आणि तिच्या पाठीवर घट्ट बिलगलेली दोन पिल्लं. मी काका झालो होतो! आणि इकडे दगडू. केवढा झाला होता! मी एका नजरेत ओळखला.

रखवालदारानं किड्यांनी भरलेला एक ओंडका आत टाकला. दगडू आला. ओंडक्याशी थांबला. माझ्या ओठांवर शब्द आले, "घे रे भो." दात आवळून मी ते आत ठेवले. एकच क्षण, आणि त्यानं ओंडका फोडला. मागं वळून बघितलं नाही. वर बघितलं नाही. कुणाची वाट बघितली नाही.

"दखा, खाई ऱ्हायना!" हिनं माझा दंड धरला. "आत्याबाईले सांगू, बठ्ठं आपलं आपण खाई लेस!"

यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. आम्ही जिंकलो होतो. आणि मी, सृष्टिज्ञानाचा मास्तर, कठड्याला धरून भर गर्दीत लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागलो. लोक अस्वल सोडून मला बघू लागले.

शेवटी रखवालदार जवळ आला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाला, "घाबरू नका, पाव्हणं. गावाकडनं पहिल्यांदा येणाऱ्याचं असं होतं. तिकडं पलीकडं ससे हायेत. ते बघा, धीर येईल."

आणि आता खोटं कशाला सांगू, आम्ही ससे बघायला गेलो.