मामंजींचा दाब

लग्न होऊन मी पिंगळीला नांदायला आले तेव्हा मला स्वयंपाक जेमतेम यायचा, आणि जे यायचं तेही खारट व्हायचं. त्याच वर्षी परभणीच्या डॉक्टरांनी मामंजींच्या दंडाला पट्टा बांधला आणि बजावलं, रक्ताचा दाब फार वाढलाय, मीठ, तंबाखू, संताप सोडा, नाहीतर जीव जाईल. हे सगळं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ऐकलं. मामंजींनी त्यातला 'दाब' तेवढा उचलला. गाडीतून उतरल्यापासून पारावर सांगत सुटले, "मशीन लावून बघितलं डाक्टरनं. एवढा दाब कुनाचाच न्हाई म्हनला."

गावावर दाब असणं म्हणजे मान. मग तो दाखवायलाही हवा. त्यांनी बांधाच्या भांडणावरून चुलतभावाचा गुडघा काठीनं फोडला. औताला अडलेल्या बैलाला तोंडाला फेस येईस्तोवर मारलं.

घरात आत्याबाईंनी मिठाचं मडकं माझ्या हातून काढून घेतलं. अळणी वरण पानात पडलं की पितळी ताट भिंतीवर जायचं. सुतकातलं जेवण जित्या माणसाला वाढता का, म्हणत मामंजी त्यांना केसाला धरून ओसरीपर्यंत ओढायचे. ताट वाजलं की आम्ही नवरा-बायको ज्वारीच्या कणगीमागे. भरल्या घरात आम्हाला तेवढाच काय तो एकांत, आणि तोही आम्ही थरथरण्यात घालवला.

एकदा आत्याबाईंच्या कपाळाला खोक पडली. हळद दाबता दाबता मी म्हटलं, घालू की चिमूटभर मीठ, निदान मार तरी चुकेल.

"मार मला बसायलाय," त्या म्हणाल्या. "मीठ त्यांना मारंल. तू गप भाकरी थाप."

सुगीच्या दिवसांत मामंजींनी चुलीतलं जळतं लाकूडच उचललं. ते आत्याबाईंच्या डोक्यावर उगारलं आणि हात वरच्या वर लुळा पडला. लाकूड मामंजींच्याच खांद्यावर आलं, सदरा पेटला. आत्याबाईंनी तो नुसत्या तळव्यांनी विझवला. मामंजींचं तोंड वाकडं झालं होतं, उजवी बाजू गेली होती. गाव म्हणालं, अंगावरून वारं गेलं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आत्याबाई भाजल्या हातांनी भाकरी वरणात कुस्करून भरवायला बसल्या. अळणीच. मामंजींनी पहिला घास त्यांच्या तोंडावर थुंकला. दुसराही थुंकला आणि डाव्या हाताने त्यांचा गळा धरला. आत्याबाईंनी बोटं सोडवली, पदरानं तोंड पुसलं आणि मामंजींच्या गालावर अशी चपराक ठेवून दिली, की दारात उभ्या आमच्या ह्यांनी स्वतःचाच गाल धरला.

"गिळा," आत्याबाई म्हणाल्या. "मला तुमी जिते पायजे."

मामंजींनी वाकडं तोंड उघडलं.