खळगे भरणारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओटीवरून आत येतानाचा खळगा भरणं. ये-जा करून तिथली माती झिजली होती, पाणी सांडलं की साचायचं. आमचा थोरला मुलगा खोपोलीला राहतो. तो म्हणाला होता, दिवाळी झाली की सगळी जमीन उकरून शहाबादी फरशी घालू. तो गेल्यावर बायको मला म्हणाली, "आदी खळगा भरू. मग बगू." तिचे गुडघे धरले होते, म्हणून ती पाटावर बसली आणि चोपणं माझ्या हातात दिलं. ओली माती ठोकून बसवायची ती दांड्याची जाड फळी. मी जोरात हाणायला लागलो तर म्हणाली, "अवो, हळू. जमीन हाय ती, साप नाय."

वाडीत तिला सगळे धपधप काकी म्हणायचे. भात कापून घरात आलं की आमच्याकडे बायका एकमेकींच्या घरच्या जमिनी करतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. मजुरी नाही, चहा आणि भाकरी. ओळीनं बसायचं आणि ठोकत ठोकत मागं सरकायचं. माझी बायको आपलं चोपणं घेऊन जायची आणि कुणालाच नको असलेली जागा पकडायची, चुलीमागची, उंदरांनी पोखरलेली. मी एकदा विचारलं, तिथं काय सोन्याचा हंडा पुरलाय का? तर म्हणाली, "मदली जमीन काय, कोन पन करील."

हे सगळं ती माहेराहून शिकून आली होती असं नाही. तिचं माहेर कशेळ्याच्या पलीकडे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या आईनं तिला ओटी करायला सांगितली. हिनं शेताच्या बांधाची काळी माती आणली. मऊ, लोण्यासारखी, आणि हाताशी. चोपली, सारवली, दिसायला एकदम झकास. सुकली तशी बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "सूनबाय, आता यात भात पेर." बायको रडली नाही, रुसलीही नाही. कुदळ घेऊन सगळं उकरलं, टेकडीची तांबडी माती डोक्यावरून आणली, त्यात भाताचा कोंडा मिसळला आणि परत चोपायला बसली. पुढं वाडीत नवी सून आली की आधी हीच गोष्ट सांगायची, आईची नक्कल करून. आई समोर असली तरी सांगायची, आणि आईच जास्त हसायची.

कुणाच्याही घरी गेली की तिची नजर आधी खाली. धाकट्या भावासाठी खालापूरकडं मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, बोलणं झालं. बाकीचे मुलीकडं बघत होते, ही बसल्या जागी पाट उचलून खाली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना एस्टीत भावानं विचारलं, कशी वाटली? ही म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पाटाखाली पन सारवलंय." भाऊ तडकला. "वयनी, मला पोरीशी लगीन करायचंय, जमिनीशी नाय." लग्न तिथंच झालं, आणि दोघं सुखात आहेत.

पण मी तिचा जन्मभर ऋणी आहे ते आईपायी. आईचे पाय गेले. ती बसल्या बसल्या, हातांवर जोर देऊन घरभर सरकायची. माती खरबरीत, आईचे तळवे सोलवटून निघायचे. कापड बांधून दिलं तर ओढून टाकायची. मी कारखान्यातून दमून यायचो, बघायचो. मला काही सुचत नव्हतं. बायकोनं नदीच्या पात्रातून मुठीएवढा गुळगुळीत गोटा आणला. आई जिथं जिथं सरकायची, तेवढी वाट तिनं परत भिजवली, बारीक गाळलेली माती लावली आणि त्या गोट्यानं घोटली. दुपारभर बसून घोटायची. चुलीपासून अंथरुणापर्यंत, अंथरुणापासून मागच्या दारापर्यंत. ताटासारखी लखलखीत वाट झाली. ती झिजली की परत घोटायची. आई असेपर्यंत तिच्या तळव्याला परत जखम झाली नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, आभार कसे मानतात ते मला कधी जमलं नाही. तिला सांगायचं ते आता इथं लिहितो आहे.

फरशीशी तिचं वैर नव्हतं. थोरल्याच्या खोलीत गेली की फरशीवरून हात फिरवून म्हणायची, गार आहे, छान आहे. आपल्या घरात का नको, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती फुटली तर गवंड्याची वाट बगा. ही दुखली तर मी हाय ना."

खळगा भरला त्याच आठवड्यात, सकाळी चुलीवर चहा ठेवून ती भिंतीला टेकून बसली, आणि उठलीच नाही. चहा उतू गेला तेव्हा मला कळलं.

माणसं आली, दिवसभर येत राहिली. संध्याकाळी सगळं उरकून आल्यावर थोरला माझ्याजवळ बसला. त्याचं रडून झालं होतं. हळूच म्हणाला, "बाबा, आता सारवनार कोन? मी या मयन्यातच फरशीचं बगतो." पोरगा वाईट बोलला नाही. तिच्यामागं ही जमीन चार महिन्यांत पोपडे धरेल, हे मलाही दिसत होतं. पण ती उकरायची म्हणजे तिनं सगळं आयुष्य ज्यावर हात फिरवला ते घमेल्यात भरून बाहेर फेकायचं. मी म्हणालो, "मी सारवीन." बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेण आणायला घमेलं घेऊन शेजारच्या सुमनच्या गोठ्यात गेलो. ती म्हणाली, "काका, ठेवा तितं, मी येऊन सारवते." मी म्हणालो, "तू नुस्ती बग. चुकलं तर सांग." घरी येऊन धोतर वर खोचलं, गुडघ्यांवर बसलो. सुमन दारातून म्हणाली, पाणी जास्त झालं. मी आणखी शेण घातलं. हात फिरवत, मागं सरकत दारापर्यंत आलो तेव्हा घामानं निथळलो होतो. अंगणात निजलेला थोरला उठून आला होता. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "बाबा, आत येऊ?"

मी म्हणालो, "सुकल्यावर."