तीन लेन्स आणि एक तांब्या

"पस्तीसच्या लेन्सला डाव्या कोपऱ्यात फोटो जरा मऊ, धूसर येतोय, सदाभाऊ."

मगदूम अण्णांनी कापडी पिशवीतनं तिन्ही लेन्स काढल्या आणि माझ्या काउंटरवर ओळीनं मांडल्या. ही त्यांची पाचवी खेप. माझं कॅमेऱ्याचं दुकान शिवाजी पेठेत आहे. विक्री आणि दुरुस्ती, सत्तावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाशी मी गोडच बोलतो असं काही नाही, पण लेन्सच्या कोपऱ्यावरनं आवाज चढवायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.

"अण्णा, त्या कोपऱ्यात हाय काय?"

"भिंत."

"भिंतीचे फोटो काढायचेत तुम्हाला?"

"तसं न्हाय. पण वस्तू घ्यायची तर पारखून घ्यावी का नको?"

"लेकीची दीक्षा किती दिवसांवर आली?"

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "अकरा," म्हणाले.

अण्णांची धाकटी मुलगी त्रिशला. वय एकतीस, एम.कॉम. झालेली, एका क्लासमध्ये शिकवायची. चार वर्षं विचार करून तिनं जैन दीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दीक्षा झाली की घर सुटलं. नाव बदलतं, अंगावर पांढरी साडी येते, केस हातानं उपटून काढतात. पायी फिरायचं, दिवसातनं एकदाच जेवायचं. बापानंसुद्धा तिला पुढं 'माताजी' म्हणायचं आणि नमस्कार करायचा. घरातनं विरोध नव्हता. अण्णांचं मागणं एकच होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं.

"दीक्षेचे फोटो काढायला ढीगभर लोक हायत. मला घरातली त्रिशला पायजे. चहा पिताना, आईसंगं भांडताना, केस विंचरताना. परत ती तशी दिसायची न्हाय मला."

त्रिशलाची अट होती, फ्लॅश नको आणि मोठा कॅमेरा नको. "लग्नातल्या त्या नळकांड्यासारखं काय तोंडासमोर धरलं तर मी उठून आत जाणार," असं ती म्हणालेली. अण्णांच्या जावयानं त्यांना एक मिररलेस कॅमेरा दिलेला होता. जुन्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असायचा, यात तो नसतो, म्हणून बॉडी लहान आणि शटरचा आवाज बंद करता येतो. कॅमेरा झकास. पण त्यावरची झूम लेन्स अर्ध्या किलोच्या वर आणि वीतभर लांब. तेव्हा लहान लेन्स पाहिजे, एवढंच काम होतं.

लहान म्हणजे प्राइम. प्राइम लेन्सला झूम नसतो. माणूस जवळ पाहिजे तर आपण पुढं जायचं, लांब पाहिजे तर मागं सरायचं. त्या बदल्यात लेन्स हलकी होते, नेहरू शर्टाच्या खिशात मावते, आणि घरातल्या कमी उजेडातही फोटो येतो. माझ्याकडं अशा तीन होत्या. अठ्ठावीस, पस्तीस आणि पन्नास मिलिमीटरच्या. अठ्ठावीस सगळ्यात चपटी, भाकरीच्या जाडीची. तिच्यात अख्खी खोली येते, पण जवळनं चेहरा काढला तर नाक मोठं दिसतं. पन्नासमध्ये चेहरा सुंदर येतो, पण स्वयंपाकघरात मागं सरता सरता पाठ फडताळाला लागते. पस्तीस मधली. घरात बसून माणसाचे फोटो काढायला पस्तीस. दहा मिनिटांत सांगून मोकळा झालो होतो मी.

अण्णा म्हणाले, "व्हय, पण बाकीच्या दोन बघितल्याबिगर कसं घ्यायचं?"

इथं अण्णांचा धंदा सांगायला पाहिजे. ते गुळाचे व्यापारी. चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभं राहिलेला माणूस. दहा रव्यांतला, म्हणजे गुळाच्या ढेपांतला, कणकण काढून जिभेवर ठेवणार, उजेडात धरून रंग बघणार, बोटांत चुरून कणी बघणार, मग तोंड उघडणार. एक माल बघून सौदा करणं त्यांच्या लेखी अडाणीपणा. आणि माझी खोड अशी की ओळखीच्या माणसाला मी लेन्स ट्रायलला घरी देतो. चार दिवस वापरा, आवडली तर ठेवा. त्यांना मी तिन्ही दिल्या. पुढच्या सगळ्या तापाचं मूळ ते, आणि ते माझ्याच हातनं झालं.

चार दिवसांचे दहा झाले, दहाचे वीस. अण्णा व्हिडिओ बघायला लागले. एक वही केली. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "पन्नासला कडेनं जांभळी रेघ येते ती काय?" मी सांगितलं, उन्हात पांढऱ्या कपड्याच्या कडेला येते कधी कधी, काही बिघडत नाही. दुसऱ्या खेपेला अठ्ठावीसची फोकस मोटर कुईं करते म्हणून आले. तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून काढलेले फोटो घेऊन आले, कुठल्या लेन्समध्ये बारीक टाइप जास्त वाचता येतो ते दाखवायला. छोट्या जाहिराती. मी भिंग लावून बघितल्या, कारण तोपर्यंत माझंही डोकं त्यांच्यासारखंच चालायला लागलं होतं.

"त्रिशलाचे किती झाले?" मी दर वेळी विचारायचो.

"लेन्स ठरू दे की. मग काढतो."

चौथ्या खेपेला मी म्हणालो, "अण्णा, पैशाचं राहू दे. तिन्ही तुमच्याकडंच ठेवा, दीक्षा होईपर्यंत. पण फोटो काढा." त्यावर त्यांनी वही उघडली आणि तिन्हींच्या वजनाची तुलना वाचून दाखवली. यार्डातल्या काट्यावर केली होती. माझी बायको सुमन मागं कॉम्प्युटरवर प्रिंटिंग बघते. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी प्यायला आत गेलो.

आणि आता हा डावा कोपरा. मी सांगितलं, "अण्णा, त्रिशला काय कोपऱ्यात उभी राहणार हाय का? ती मधीच असणार. आजपासनं काढायला लागा." अण्णांनी मान हलवली. गेले. मला वाटलं, सुटलो.

दीक्षेला चार दिवस राहिले आणि अण्णा सहाव्यांदा दारात.

"आता शेवटचं, सदाभाऊ. बोके तेवढं बघून द्या."

बोके म्हणजे फोटोत मागचं जे धूसर होतं त्याचा पोत. लेन्सच्या पोटात एक पडदा असतो, बुबुळासारखा लहानमोठा होणारा. तो पूर्ण उघडा ठेवला की ज्यावर फोकस केलाय तेवढंच स्वच्छ येतं आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. हौशी लोक या मऊपणाचा इतका कीस पाडतात की ऐकणाऱ्याला झोप यावी. मी मुकाट्यानं कार्ड घेतलं आणि सुमनच्या कॉम्प्युटरला लावलं.

पहिला फोटो. स्टुलावर एक पितळी तांब्या. चकचकीत, तांब्यावरचे पोचेसुद्धा मोजता येतील असा. दुसरा फोटो, तोच तांब्या, दुसरी लेन्स. तिसरा, तोच तांब्या. पडदा पूर्ण उघडा, पडदा जरा कमी. सकाळचा उजेड, दुपारचा उजेड. मी बटण दाबत गेलो. तीनशेच्या वर फोटो, सगळे तांब्याचे.

सुमन म्हणाली, "अहो, थांबा जरा. मागं कोण हाय?"

मी थांबलो. तांब्याच्या मागं, लांब, खिडकीशी कोणीतरी बसलेलं होतं. आकार तेवढा कळत होता. हिरवं काहीतरी अंगावर, लांब केस पुढं घेतलेले, हात वर. केस विंचरत होती. पुढच्या फोटोत ती मागं वळून हसत होती बहुतेक, दाताच्या जागी पांढरा ठिपका होता. त्याच्या पुढच्यात दोघी होत्या, एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं.

"अण्णा, ही कोण?"

"त्रिशला की."

"मग ती अशी का?"

"बोके बघायचा तर मागं काहीतरी पायजे न्हवं," अण्णा म्हणाले. "आणि कॅमेरा सारखा तिच्या डोळ्यावर फोकस धरत हुता. म्हणून ते आय-डिटेक्ट का काय, ते बंद केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजकालचे कॅमेरे माणसाचा डोळा आपोआप शोधतात आणि फोकस तिथंच ठेवतात. म्हणजे यंत्राला कळत होतं कुणाचा फोटो काढायचाय. या माणसानं मेनूत शिरून, शोधून, ते बंद केलं होतं आणि फोकस तांब्यावर नेला होता.

"च्यायला अण्णा!" मी ओरडलो. रस्त्यावरचा एक जण आत डोकावला. "दीड महिना! दीड महिना पोरगी तुमच्यासमोर बसलीया आणि तुम्ही तांब्या काढताय? काय यार्डात विकायचाय का तांब्या? त्या लेन्समध्ये काय फरक न्हाय! दहा हात लांबनं बघितलं तर माझ्या बालाही कळायचं न्हाय कुठला फोटो कशानं काढला. चार दिवस राहिले, चार! तुम्हाला कळतंय का?"

सुमननं माझा शर्ट ओढला. अण्णा स्क्रीनकडं बघत होते.

मग म्हणाले, "लेन्स ठरली की काढायला लागणार, सदाभाऊ. आणि काढायला लागलो म्हणजे ती चाललीच."

मी खाली बसलो. राग होताच, तो काही गेला नव्हता. पण स्वतःचीही लाज वाटली. सहा खेपा मी या माणसाशी कोपऱ्यावर आणि जांभळ्या रेघेवर वाद घातला, आणि हे मला दिसलं नाही. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. सुमननं चहा सांगितला.

"तुम्ही या की घरी," ते म्हणाले. "तुम्हीच काढा."

"मी आलो की घरात फोटोग्राफर आला. ती पदर सारखा करून बसणार. ते फोटो तुम्हाला नकोत. तुम्हीच काढायचे."

मी पस्तीस कॅमेऱ्यावर चढवली. अठ्ठावीस आणि पन्नास कपाटात टाकून कुलूप लावलं. डोळा शोधायचं सेटिंग चालू केलं. पडदा थोडा बंद केला, त्याचा आकडा चारवर ठेवला, म्हणजे हात चुकला तरी चेहरा हातचा जाणार नाही. बाकी सगळं ऑटो. शटरचा आवाज बंद. मग काळी इन्सुलेशन टेप घेतली आणि सेटिंग बदलायच्या वरच्या दोन्ही चकत्यांवर आणि मेनूच्या बटणावर आडवी-उभी चिकटवली.

"हे एकच बटण. दाबायचं. टेप काढली तर दुकानात पाय ठेवायचा न्हाय."

"एवढं घट्ट का लावलंय?"

"तुमच्यासाठीच."

"बरं," अण्णा म्हणाले. दारातनं परत वळले. "पस्तीसच ना नक्की?"

"अण्णा!"

गेले.

दीक्षेनंतर आठ-दहा दिवसांनी ते आले. टेप जागच्या जागी होती, कडा तेवढ्या मळल्या होत्या. सुमननं कार्ड लावलं. दोनशे बारा फोटो. धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर निम्मे बाद. वाकडे, डोकं कापलेले, एकात नुसती फरशी. पण राहिले त्यांच्यात ती होती. पायरीवर बसून शेंगा सोलताना. दुपारी चटईवर तोंड उघडं टाकून झोपलेली. आईच्या हातातनं लाटणं ओढून घेताना. केस धुऊन उन्हात बसलेली, आणि एकेक बट बोटाला गुंडाळत त्या केसांकडंच बघत असलेली. एकात ती सरळ कॅमेऱ्यात बघून बोट दाखवत होती, तोंड अर्धवट उघडं. "अण्णा, पुरे की आता," असं म्हणत होती म्हणे.

शेवटून दुसरा फोटो अण्णांचा होता. टोपी नाही, बनियनवर, ओसरीत. डोळे सुजलेले आणि हसू आणायचा प्रयत्न चाललेला. सगळ्या कार्डात नीट चौकटीत बसलेला तेवढा एकच.

"हा कुणी काढला?" सुमननं विचारलं.

"तिनं. आदल्या दिवशी. म्हणाली, द्या इकडं, एक तुमचा काढते. मी म्हटलं, तुला कुठं ठेवता येणार हाय तो? तर म्हणाली, ठेवायचा न्हाय. बघून घेते एकदा."

सुमन उठून आत गेली. मी प्रिंटचे साइज विचारले. अण्णांनी चाळीस फोटो निवडले. एकेकाला पाच पाच मिनिटं लावली, आणि या वेळी मी घाई केली नाही. पस्तीस त्यांनी ठेवून घेतली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "दीड महिना हुता हो माझ्याकडं."



त्या दिवसापासनं ट्रायल बंद. लेन्स घ्यायला कोणी आलं की मी आधी विचारतो, कुणाचे फोटो काढायचेत? माणसाचं नाव सांगा. नाव सांगितलं की मी एकच लेन्स काढतो आणि हातात देतो. दुसरी दाखवा म्हणाले तर नाही म्हणतो. चारसहा गिऱ्हाइकं त्यावरनं भांडून गेली, धंद्याला जरा मार बसला. बसू दे. जे घेऊन गेले ते निदान त्याच दिवशी घरी जाऊन फोटो काढतात.