मुशीला झाकण नसतं

"पोरीला तोंड हाय का नाय?"

हे मला विचारलेलं नव्हतं. पनवेलच्या मासळी बाजारातली मावशी शेजारणीला विचारत होती. मी बराच वेळ तिच्या पाटीपुढे उभी होते. भावही विचारत नव्हते आणि पुढेही सरकत नव्हते. बाबा कोथिंबीर आणायला गेले होते आणि तोवर मला मासे बघून ठेवायला सांगितलं होतं. मी खरोखरच बघत होते. मेडिकलच्या नीट परीक्षेचं वर्ष होतं. आदल्या दिवशी डॉगफिशची आकृती तीनदा काढली होती, आणि तोच मासा इथे बांगड्यांशेजारी बर्फावर निवांत पडला होता. मानेवर पाच चिरा, अगदी आकृतीतल्यासारख्या.

"मावशी, हिला ते..." मी अडले. घरी मराठीच बोलतो आम्ही, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. ऑपर्क्युलमला मराठीत काय म्हणतात, कोणाला ठाऊक! मी कानाजवळ हात नेऊन डबा उघडल्यासारखं केलं.

"झाकन?" मावशीने एक बांगडा उचलला आणि गालावरचं झाकण बोटाने वर केलं. आत लालभडक कल्ले. "लाल हाय म्हंजे ताजा. आता ही बघ. मुशीला झाकन नाय. सगला उघड्यावर." मग तिने तिची मुशी, म्हणजे माझा डॉगफिश, उलटी केली. "आनि तोंड हे इथं, पोटाकरं. दिसत नाय म्हनून काय झाला, बाय? चावते बरोबर!"

ती माझ्याकडे बघून असं काही हसली की शेजारणीने पदर तोंडाला लावला. बाबांनी परत येऊन विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

त्यानंतर दर रविवारी विचुंब्याहून बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी बाजारात जायचे. मुशीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत, हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. पाकट म्हणजे पुस्तकातला स्टिंग रे; त्याच्या शेपटीचा काटा कुठे असतो, तेही मावशीनेच दाखवलं. बायॉलॉजी सुधारलं. फिजिक्ससाठी अशी मावशी मिळाली नाही.

मग क्लासची मोठी टेस्ट झाली. सकाळची बॅच कोणाची आणि दुपारची कोणाची, ते त्या गुणांवर ठरणार होतं. यादी लागली. इतके दिवस सकाळी बसणारी मी दोन गुणांनी दुपारच्या बॅचमध्ये. तिथे शिकवणं सारखंच असणार, पण माणसं सगळी नवी. बाकावरच्या एकुलत्या एका मैत्रिणीशी बोलायला मला चार महिने लागले होते. ते सगळं पुन्हा करायचं?

दुसऱ्या दिवशी सर पेपर सोडवत होते. प्रश्न होता, कोणत्या माशाच्या कल्ल्यांवर झाकण नसतं? मी डॉगफिशला टिक केलं होतं. छापील उत्तरात सी हॉर्स होता. सरांनी तेच वाचलं आणि पुढे गेले. माझे चार गुण गेले होते आणि वर चुकीचा एक कापला होता.

"तुझं बरोबर आहे ना? बोल की," मैत्रीण कुजबुजली.

"तू विचार ना."

"मी घोड्यालाच टिक केलंय. स्वतःचे मार्क कशाला घालवू?"

"एनी डाउट?" सरांनी विचारलं. आज शंका सांगितली नाही तर यादी बदलणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. सरांनी पुस्तक उघडून बघितलं, उत्तर बदललं, माझी सकाळची बॅच राहिली. वर्षभर वर्ग मला 'मुशी' म्हणत होता आणि मी ओ देत होते. मैत्रिणीचे पाच गुण गेले, तरी ती सकाळीच राहिली आणि त्याबद्दल तिने माझ्याकडून दोन वडापाव वसूल केले.

पण तेव्हा सर पान उलटत होते. मी मनात एक छान इंग्रजी वाक्य जुळवलं होतं. त्यात ऑपर्क्युलम होतं, कार्टिलेज होतं, सुरुवातीला 'एक्स्क्यूज मी'सुद्धा होतं. मी उभी राहिले. बाक करकरला. सगळा वर्ग मागे वळला आणि ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मावशीचं मात्र जसंच्या तसं बाहेर आलं, आणि चांगलं मोठ्याने:

"सर, मुशीला झाकन नाय!"