एस्कुदोचा चहा

चाकणच्या आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारा तो सावंतवाडीकडचा माणूस बोल्ट देतादेता पोर्तुगीज गोव्यातल्या नाण्यांचा हिशेब ऐकवायचा. साठ रेइसांचा एक तांगा, सोळा तांग्यांची रुपिया, आणि शेवटी रुपियाच्या जागी आलेला एस्कुदो. एक एस्कुदो कायम त्याच्या खिशात असे. "काय राव, आज भाव काय?" पोरं विचारायची. तो हसायचा नाही, बोल्ट पुन्हा मोजायचा.

यंदा आम्हा ठेकेदारी कामगारांना ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी कँटीनची कुपनं मिळू लागली. मॅनेजर ती वाटायला बसला, आम्ही कुरकुरत रांग लावली. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने तो एस्कुदो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्याचा एक चहा द्या."

"हे कुठे चालतं आता?"

"आजोबांना गोव्यात मजुरीत मिळाला होता. राज्य गेलं, बदलायची मुदत गेली, हा घरातच राहिला. तुमचं कुपन तर आजच गेटबाहेर चालत नाही. मला रोख द्या."

"रोख मिळणार नाही."

त्याने नाणं उचललं आणि कुपन न घेता तो स्टोअरकडे निघून गेला.

त्याच्या मागे मी होतो. मॅनेजरने माझ्यापुढे कुपनं धरली. मी हात पुढे केला नाही.