हळद लागलेल्या कवड्या

सगुणाबाई कुणाच्या बापाला भीत नाही, असं तिच्या गल्लीतली माणसं तुम्हाला सांगतील. त्यांना काय जातंय सांगायला! आज कामावरून काढतील की उद्या, या धास्तीनं ती बाई रोज बसमध्येच अर्धी व्हायची. नवरा दयानंद अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, सगळं घर तिच्या एकटीच्या पगारावर. कानडी मुलखात बेळ्ळंदूरला एका कंपनीनं तळमजल्यावर जुन्या काळच्या पैशांचं संग्रहालय थाटलं होतं, तिथं ती झाडलोट करायची. मिठाची वीट, चहाची वडी, तांब्याची कडी. "यावर बाजार करायचे म्हणे!" असं सांगून ती दयानंदला हसवायची.

कवड्यांपुढे मात्र तिचं हसू बंद व्हायचं. पूर्वी लोक कवड्या मोजून तांदूळ घेत असतील, घेवोत बापडे. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कवडी म्हणजे भवानीआईची माळ, आणि नवरात्रात ती कोरडी ठेवायची नाही.

घटस्थापनेच्या सकाळी पुसायला म्हणून कपाट उघडलेलं होतं. आसपास कुणी नव्हतं. तिनं पिशवीतली डबी काढली, कपाटात परडीत मांडलेल्या कवड्यांना हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. तेवढ्यात संग्रहालय सांभाळणारी, पुण्याहून आलेली प्रांजली दारातूनच म्हणाली, "सगुणाबाई, या कवड्यांचे मालक उमाकांत सर आज बघायला येतायत. एक डाग दिसला तर तुमची नोकरी गेली आणि माझीपण!"

झालं! सगुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. परडी उचलून ती नळाकडे धावली आणि कवड्यांना खसाखसा साबण चोळायला लागली. अहो, साबण लागला की हळद लाल होते, हे तिनं जन्मभर लुगड्यांवर बघितलेलं. पण भ्यालेल्या माणसाला काय आठवतंय, कपाळ! कवड्या लालभडक झाल्या. आई कोपली, असं वाटून ती तिथंच मटकन खाली बसली.

प्रांजली आली ती मालकांना घेऊनच.

"अक्का, मीच लावली हळद," सगुणाबाई प्रांजलीला म्हणाली. "स्वल्प चुकलं. कामावरून काढू नका, घरात दुसरं कमावतं कुणी नाही."

उमाकांतांनी एक कवडी उचलून निरखली आणि ते चक्क खूश झाले. "वा! रोज सकाळी लोकांसमोर अशीच पूजा करा. लोक व्हिडिओ काढतील. पगार वाढवायला मी सांगतो."

"वाचलो!" प्रांजली कुजबुजली. "हो म्हणा पटकन."

सगुणाबाईला हो म्हणवेना. आतापर्यंत ती नोकरी जाईल म्हणून भीत होती, आता तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण हो अगदी ओठांवर आलं होतं.

"नको साहेब. आईला पोटासाठी लोकांपुढं नाचवलं, तर घरी कुठल्या तोंडानं दिवा लावू?"

उमाकांतांचा चेहरा उतरला. "मग या डागांचं काय?" त्यांनी प्रांजलीला विचारलं.

प्रांजलीनं मान खाली घातली. "सगुणाबाई, उद्यापासून येऊ नका."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ती कानडीत म्हणाली.

बसथांब्यावर ती घरची बस बघत उभी राहिली. दयानंदचा फोन आला. जड जिभेनं त्यानं विचारलं, "आज घट बसवायचेत, लवकर येशील ना?"

"निघालेच," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं पिशवीतली हळदकुंकवाची डबी चाचपली.